एमजे१५००३ मिळत नाही, त्याजागी सी५२०० बसेल का?

भोंगा
नमस्कार मंडळी. काकांनी १९९० च्या सुमारास घरीच बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला आहे. स्टिरिओ आहे, ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५, आउटपुटला प्रत्येक चॅनलला एमजे१५००३ आणि एमजे१५००४ या ट्रान्झिस्टरची एकेक जोडी. गोल धातूच्या डबीतले, त्याला टीओ-३ म्हणतात. उजवा चॅनल गेला आहे. दोन्ही आउटपुट शॉर्ट, एक ०.२२ ओहमचा रेझिस्टन्स तडकलेला, फ्यूज काळाठिक्कर.

परवा तापकीर गल्लीत तीन तास फिरलो. एमजे१५००३ एका ठिकाणी होता, पण १५००४ नाही. दुसऱ्या दुकानात म्हणाले, "टीआयपी ३५-३६ घाल, २५ अँपिअरचा आहे, तुझा २० चाच होता." तिसऱ्याने सी५२०० आणि ए१९४३ पुढे केले, ४० रुपयाला एक. काय घेऊ? स्पीकर ८ ओहमचे आहेत. सप्लाय आत्ता मोजला, लोड नसताना बरोबर ५० आणि उणे ५०.

चिमटा
४० रुपयाला सी५२०० म्हणजे चितळ्यांची बाकरवडी ५ रुपये किलो. आत काय असेल ते तुझं तू ठरव.

तापलेला_सिंक
टीआयपी ३५-३६ अजिबात नको. दुकानदार अँपिअर बघतोय, तू व्होल्ट बघ.

सप्लायच्या दोन रेल, म्हणजे दोन बाजू, अधिक ५० आणि उणे ५०. आवाज मोठा असताना आउटपुट जेव्हा अधिक रेलच्या जवळ जातं, तेव्हा खालचा ट्रान्झिस्टर बंद असतो आणि त्याच्या दोन टोकांत जवळजवळ दोन्ही रेलची बेरीज पडते. ५० आणि ५०, झाले १००. टीआयपी३५सी चं व्हीसीईओ, म्हणजे तो सोसू शकतो ते सर्वाधिक व्होल्टेज, किती? १०० च. म्हणजे कागदावरच काठाला आलास. आता रात्री ११ नंतर तुझ्या घरी प्लगमध्ये किती येतात ते मोज. आमच्याकडे सिंहगड रोडला २४५ ते २५० असतात. २३० ला ५० येत असतील तर २५० ला ५४ येणार, बेरीज १०८. तो ट्रान्झिस्टर मंडळाच्या आरतीपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

एमजे१५००३ ला १४० व्होल्ट होते. काकांनी विचार करून घातला होता.

आजोबा_एसी१२८
भोंगा, तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग. ही सर्किटं आम्ही व्हेरोबोर्डवर नाही तर हाताने कोरलेल्या बोर्डवर करायचो, ऑइलपेंटने ट्रॅक रंगवून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं. बायकोची स्टीलची परात दोन वेळा गेली त्यात.

आमचा काळ २एन३०५५ चा. आरसीएने साठच्या दशकात काढलेला हा ट्रान्झिस्टर, ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. पॉवर सप्लायपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे हाच. आणि "काहीही जळलं की ३०५५ घाल" ही सवय तिथून लागली, ती आजपर्यंत सुटलेली नाही. २४ किंवा ३० व्होल्टच्या एकाच सप्लायवर ते चालूनही जायचं. तुझ्या ५०-५० वर ३०५५ घातलास तर पहिल्याच थापेला धूर.

एक गंमत. जुना ३०५५ फार मंद होता, १ मेगाहर्ट्झच्याही खाली. नंतर दुसऱ्या पद्धतीने बनवायला लागले तेव्हा तोच नंबर वेगवान झाला, २.५ मेगाहर्ट्झ. नंबर तोच, पण जुन्या बोर्डात नवा घातला की काही सेट शिट्टी मारायचे. तेव्हा स्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, नव्हता कोणाकडे. आम्ही म्हणायचो, बोर्डाला भूत लागलंय.

भोंगा
आजोबा, हे भारी आहे. मग सी५२०० चा वेग किती?

आजोबा_एसी१२८
३० मेगाहर्ट्झ. तुझ्या एमजे१५००३ चा २. आता भुताचा अंदाज घे.

कपॅसिटरताई
वडिलांचं दुरुस्तीचं दुकान आता मी बघते, लग्नाच्या हॉलचे आणि भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर येतात, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी समोर असतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेव. एक, नंबर चालेल का. दुसरी, हातात आहे तो त्याच नंबरचा आहे का. दुसऱ्या गोष्टीने माझे जास्त पैसे खाल्ले आहेत.

नंबरचं म्हणशील तर सी५२००/ए१९४३ चालेल. २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅट. व्होल्टचा प्रश्नच मिटला. वॅट मात्र २५० वरून १५० वर आले, आणि फरक दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. हे वॅट केस २५ अंशावर असतानाचे असतात, म्हणजे डिसेंबरातल्या पहाटेचे. टीओ-३ धातूचा असल्यामुळे आतली चिप २०० अंशांपर्यंत जाऊ शकते, प्लास्टिकवाला १५० ला संपतो. केस ७५ अंशाला गेली की एमजे१५००३ अजून १७५ च्या आसपास वॅट झेपतो, सी५२०० फक्त ९०.

८ ओहमला तुझ्या सप्लायवर एका ट्रान्झिस्टरवर साइन वेव्हला ३० वॅट पडतील. खरा स्पीकर शुद्ध रेझिस्टन्स नसतो, तेव्हा त्याच्या दुप्पट धर. तरी ९० च्या आत आहे, एक जोडी पुरते. ४ ओहमचा स्पीकर लावणार असशील तर दोन जोड्या, प्रत्येकाला आपापला ०.२२. त्यात तडजोड नाही.

आणि वॅट व्होल्टवरही अवलंबून असतात, हे कोणी सांगत नाही. एमजे१५००३ च्याच डेटाशीटमधला आलेख उघड. ५० व्होल्टला ५ अँपिअर, म्हणजे पूर्ण २५० वॅट. १०० व्होल्टला मात्र १ च अँपिअर, म्हणजे १०० वॅट. ट्रान्झिस्टर तोच, सिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) तोच. व्होल्ट वाढले की करंट चिपच्या एका कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथे भोक पडतं. पहिल्या पानावरचा मोठा आकडा बघून खरेदी करायची नाही, आतलं सेफ ऑपरेटिंग एरियाचं चित्र बघायचं.

भोंगा
ताई, तुम्ही लिहिलंय की हातातला त्याच नंबरचा आहे का ते वेगळं. कसं ओळखायचं? मला सगळे सारखेच दिसतात.

कपॅसिटरताई
दिसण्यावर जाऊच नको. छपाई आता नकली मालाचीच जास्त सुबक असते. एकदा एका हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी आठ ट्रान्झिस्टर आणले, दोनदा जळले, तिसऱ्यांदा एक न वापरलेला उचलून व्हाइसमध्ये धरला आणि कचकन दाबला. प्लास्टिक फुटलं. तांब्याच्या पट्टीवर चिप होती तिळाच्या दाण्याएवढी. मग आधी जळलेल्या अस्सल तुकड्याचा असाच चुराडा केला, त्यात चिप होती करंगळीच्या नखाएवढी. शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, दुकानात भिंतीला लावलाय. गिऱ्हाईक "बाहेर स्वस्त मिळतं" म्हणालं की मी बोट दाखवते.

प्रत्येक वेळी फोडायची गरज नाही. टेस्टरवर बेस आणि एमिटरमधलं कपॅसिटन्स मोज. चिप मोठी तर कपॅसिटन्स मोठं. ओळखीचा अस्सल तुकडा हाताशी ठेव आणि त्याच्याशी तुलना कर. निम्म्याहून कमी आलं तर परत कर. एचएफई (करंट किती पट वाढतो तो आकडा) बघून फसू नको, छोट्या चिपचा एचएफईसुद्धा छान येतो.

तोशिबाचा हवा असेल तर आता टीटीसी५२०० आणि टीटीए१९४३ या नावाने मागायचं, ती त्यांचीच नवी आवृत्ती. ऑनसेमीचे एनजेडब्ल्यू०२८१ आणि ०३०२ पण उत्तम, २५० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅट, फक्त बॉडी थोडी लहान. अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन मागव. किंमत तीन आकडी असेल, पण झोप लागते.

चिमटा
तुमच्या दुकानातल्या फोटोची एक प्रत तापकीर गल्लीच्या तोंडाशी लावा. पासोड्या विठोबाच्या पायाशी, लोक नमस्कार करून पुढे जातील.

तापलेला_सिंक
भोंगा, आउटपुट बदलायच्या आधी ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर, तपासलेस का? आउटपुट शॉर्ट झाला की ड्रायव्हर एकटा वाचत नाही. नंबर काय आहेत?

भोंगा
एमजेई१५०३० आणि १५०३१. ३० वाला गेलाय, मीटरवर तिन्ही पाय बीप करतात. दुकानात त्याला पर्याय म्हणून बीडी१३९ दिला. काकांच्या बोर्डात एक बीडी१३९ आधीच आहे, सिंकला स्क्रूने लावलेला, म्हणून मी घेतला.

तापलेला_सिंक
नको लावू! सिंकवरचा बीडी१३९ बायसचा आहे, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुटमधून थोडा करंट वाहता ठेवणारा, त्याच्या दोन टोकांत जेमतेम अडीच व्होल्ट असतात. तिथे तो जन्मभर टिकेल. ड्रायव्हरच्या जागी त्याला तेच १०० व्होल्ट दिसणार, आणि तो आहे ८० चा, दीड अँपिअरचा. वर पायही वेगळे. बीडी१३९ समोरून एमिटर-कलेक्टर-बेस, एमजेई१५०३० बेस-कलेक्टर-एमिटर. तू तो तसाच भोकांत घातला असतास तर उलटा बसला असता. १५०३० च आण, तो मिळतो.

डार्लिंग्टनची पण एक सूचना देऊन ठेवतो, कारण कोणीतरी टीआयपी१४२-१४७ सुचवणारच. एका डार्लिंग्टनच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे बायस व्होल्टेजही दुप्पट लागतं. डार्लिंग्टनच्या बोर्डात साधा सी५२०० घातला तर चालू करताच दोन्ही रेल एकमेकांना भेटतात. शेजारच्या एकाने हे केलं होतं. त्याच्या खोलीच्या छताला अजून डाग आहे.

भोंगा
(आठ दिवसांनी)
टीटीसी५२०० आणि टीटीए१९४३ ऑनलाइन मागवले, १५०३० पण आला. कपॅसिटन्स मोजलं. ४० रुपयेवाला मित्राकडून उसना आणून शेजारी मोजला, तो तोशिबाच्या एक तृतीयांशही नाही. ताई, तुम्हाला दंडवत.

पण गाडी अडली. सिंकला टीओ-३ ची भोकं होती, म्हणून नवी भोकं पाडली, मधे वीज अडवणारा मायका लावला, पेस्ट लावली, सगळं जोडलं. सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून चालू केलं तर बल्ब भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. लगेच बंद केलं. काही जळल्याचा वास नाही.

चिमटा
सिरीज बल्ब लावलास, यातच निम्मी लढाई जिंकलास. माझ्या पहिल्या बोर्डाच्या वेळी ही अक्कल असती तर आज माझ्याकडे चार ट्रान्झिस्टर आणि दोन भुवया जास्त असत्या.

कपॅसिटरताई
तारेचाच बल्ब लावलास ना, एलईडी नाही? मग बल्ब खरं सांगतोय, कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्ड सोड, आधी मायका बघ. सप्लाय काढ, कपॅसिटर रिकामे होऊ दे, आणि कलेक्टर आणि सिंक यांत बीप बघ.

भोंगा
बीप आला! ए१९४३ चा. उघडून बघितलं, भोकाच्या कडेला ड्रिलची बर उभी होती, तिने मायकाला टाचणीएवढं छिद्र पाडलं होतं. डोळ्याने दिसलंच नसतं, नख फिरवल्यावर बोटाला टोचलं. मोठ्या ड्रिल बिटने हाताने कडा मारली, पॉलिश पेपर फिरवला, नवा मायका. आता बल्ब क्षणभर उजळतो आणि विझतो. आउटपुटला डीसी १८ मिलिव्होल्ट.

आजोबा_एसी१२८
शाबास. ते "उजळतो आणि विझतो" वाचूनच मला इथे बरं वाटलं. आता बायस. प्रीसेट (बायस जुळवायचा, फिरवता येणारा छोटा रेझिस्टन्स) आधी सगळ्यात कमीकडे. मग ०.२२ च्या दोन टोकांत ११ मिलिव्होल्ट येईपर्यंत हळूहळू, म्हणजे ५० मिलिअँपिअर. घाई करू नकोस, चहा घेऊन ये, पुन्हा बघ.

भोंगा
११ वर सेट केलं. चहा घेऊन आलो, १९. कमी करून परत ११ केलं, दहा मिनिटांनी २४. गाणं लावलेलंच नाही, स्पीकरही नाही, तरी सिंकवर हात ठेववत नाही. आणि आउटपुटजवळचा एक १० ओहमचा रेझिस्टन्स तपकिरी होत चाललाय, वास येतोय. आता काय? डावा चॅनल गार आहे.

तापलेला_सिंक
तो १० ओहम आणि त्याला सिरीजमध्ये ०.१ चा कपॅसिटर, जमिनीला जोडलेला, बरोबर? झोबेल नेटवर्क, अ‍ॅम्प्लिफायर स्थिर ठेवायला लावतात ते. ऐकू येणाऱ्या आवाजाला ०.१ चा कपॅसिटर जवळजवळ अडवतोच, त्यामुळे तो रेझिस्टन्स तापायचं कारण नाही. तो जळतोय म्हणजे तुझ्या आउटपुटला मेगाहर्ट्झमध्ये काहीतरी चाललंय, सर्किट आपोआप थरथरतंय. कानाला शून्य, मीटरला शून्य.

आजोबा_एसी१२८
भूत आलं. सांगितलं होतं ना.

तापलेला_सिंक
काकांचं सर्किट २ मेगाहर्ट्झच्या मंद ट्रान्झिस्टरसाठी जुळवलेलं आहे. तू ३० चा घोडा जुंपलास, लगाम जुनाच. एक विचारतो, बोर्डपासून ट्रान्झिस्टरपर्यंत वायर किती लांब आहेत?

भोंगा
काकांच्याच आहेत. सिंक मागे असल्यामुळे वीतभर असतील.

तापलेला_सिंक
वीतभर वायर म्हणजे अँटेना. मंद ट्रान्झिस्टरला ती चालत होती. आधी वायर बोटभर करून टाक. जमलं तर बोर्डच सिंकला टेकवून लाव. बेसच्या पायालाच, अगदी प्लास्टिकला चिकटून, ४.७ ओहमचा रेझिस्टन्स घाल. बोर्डवर घातलास तर उपयोग नाही, त्याच्यापुढची वायर परत नाचते. प्रत्येक कलेक्टरपासून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरॅड. एवढं करून थांबलं नाही तर व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरवर बेस-कलेक्टरमध्ये जो छोटा सिरॅमिक असेल तो वाढव. किती आहे?

भोंगा
३३ लिहिलंय.

तापलेला_सिंक
मग ६८ पिकोफॅरॅड. पण ते शेवटी. त्याने वरच्या टोकाची धार कमी होते, म्हणून आधी वायर.

कपॅसिटरताई
अंदाजाने किती करणार. स्कोप आहे माझ्याकडे, घेऊन ये. गुरुवारी येऊ नकोस, लाइट नसते. शुक्रवारी दुपारी.

भोंगा
(शनिवारी)
काल ताईंकडे गेलो होतो. आधी काही न बदलता स्कोप लावला. रेघ सरळ यायला हवी होती तिथे जाड पट्टा, कापसाची वात दिसावी तसा. ताईंनी नॉब फिरवत फिरवत मोजलं, साधारण ३ मेगाहर्ट्झ, ४ व्होल्ट. आणि मी मीटरने "०.०० एसी" बघून खूश होतो!

वायर कापल्या, पट्टा थोडा बारीक झाला. मग बेसला ४.७ ओहम. सोल्डर थंड व्हायच्या आधीच ताईंनी चालू केलं आणि पट्टा मिटून रेघ झाली. ६८ ची गरज पडली नाही, ३३ तसाच आहे. झोबेलचा भाजलेला १० ओहम बदलला, २ वॅटचा घातला.

बायस ११ वर लावला, अर्धा तास गप्पा मारल्या, १२. सिंक कोमट.

कपॅसिटरताई
एक राहिलं सांगायचं. बायसचा बीडी१३९ त्याने सिंकच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता, जिथे पूर्वी गोल ट्रान्झिस्टर होता. नवा ट्रान्झिस्टर चार बोटं लांब गेलेला. तो उचलून सी५२०० च्या शेजारी आणला. उष्णता कळायलाच हवी त्याला, नाहीतर तो लांब बसून निवांत आणि इकडे आग.

चिमटा
प्रत्येक ऑफिसात असतो असा एक बीडी१३९.

भोंगा
एक शंका. आता डाव्या चॅनलला जुने एमजे आणि उजव्याला नवे तोशिबा. दोन्ही सारखे करू का? आवाजात फरक पडेल?

तापलेला_सिंक
चालणारी गोष्ट उघडायची नाही. फीडबॅक दोन्हीकडे तोच आहे, सिग्नल किती पट वाढणार (गेन) ते रेझिस्टन्स ठरवतात, ट्रान्झिस्टर नाही. डोळे मिटून ओळखलंस तर मी येऊन डावा फुकट बदलून देईन. डाव्याला वीतभर वायर आहेत, तिथे कधी ५२०० घातलास तर आज केलंस ते सगळं परत करावं लागेल, एवढं लक्षात ठेव.

आजोबा_एसी१२८
काकांना ऐकवलंस का? काय लावलंस?

भोंगा
काल संध्याकाळी आले होते. भीमसेनजींचा अभंग लावला. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग उठून मागच्या बाजूने वाकून बघितलं आणि म्हणाले, "माझे गोल कुठे गेले?" जळलेली जोडी हातात दिली. रुमालाने पेस्ट पुसली, खिशात टाकली.

कपॅसिटरताई
अरे, ती मला हवी होती! टोपी कापून आतली चिप बघायची होती, अस्सल एमजे१५००४ चा फोटो नाहीये भिंतीवर.

भोंगा
विचारलं मी. म्हणाले, "मेलेल्याचं पोस्टमॉर्टम कशाला." आता शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी आहे.